बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही: बी.एस्सी.च्या वर्गाला प्रथिन शुद्धीकरण शिकवताना

आमच्या प्रयोगशाळेत बेसिनच्या वर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर एवढंच लिहिलंय: ‘शेवटचं रीडिंग होईपर्यंत काहीही ओतायचं नाही.’ हा कागद कसा आला ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पहिल्यांदा हे प्रॅक्टिकल घेतलं तेव्हा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) मीच तयार केला होता. मीठ ५० मिलिमोलर हवं होतं, मी हिशेबात एक शून्य जास्त धरलं आणि ते ५०० झालं. एवढ्या मिठात एन्झाइम रेझिनला (प्रथिनं धरून ठेवणाऱ्या भारित पदार्थाला) चिकटतच नाही, सरळ वाहून जातं. सहाच्या सहा गटांनी दोन तास खपून कॉलम (रेझिन भरलेली उभी नळी) चालवला आणि शेवटच्या फ्रॅक्शनमध्ये (बाहेर येणाऱ्या द्रावणाच्या वाट्यात) कुणालाही काही सापडलं नाही. एन्झाइम कुठे गेलं हे शोधायला मागे वळलो, तर आधीचं सगळं द्रावण बेसिनमधून वाहून गेलेलं. प्रयोगशाळेतल्या मदतनीस भाऊंनी विचारलं होतं, “मॅडम, हे फेकून देऊ काय?” आणि मीच हो म्हटलं होतं. ते द्रावण ठेवलं असतं, तर वर्गाला पाच मिनिटांत कळलं असतं की एन्झाइम नष्ट झालेलं नाही, फक्त चुकीच्या बाटलीत आहे.

तेव्हापासून मी शुद्धीकरण हिशेबासारखं शिकवते. किती आलं, किती गेलं, कुठे गेलं. हाती शुद्ध प्रथिन येणं चांगलंच, पण जमाखर्च जुळवता येणं हे शिकण्याचं खरं काम. नागपुरातल्या साध्या महाविद्यालयात, कोल्ड रूम नसताना, फ्रॅक्शन कलेक्टर नसताना हे नीट करता येतं. कसं, ते क्रमाने लिहिते.

कोणतं प्रथिन घ्यायचं

पुस्तकातले बहुतेक प्रयोग ‘४ अंशांवर करा’ असं सांगतात. आपल्याकडे मार्चमध्ये प्रॅक्टिकल असेल तर कूलर चालू असूनही खोली पस्तीसच्या पुढे जाते, आणि मेमध्ये बाहेर पंचेचाळीस. अशा ठिकाणी नाजूक एन्झाइम निवडलं की अर्धा वर्ग नापास होतो, आणि दोष मात्र विद्यार्थ्यांच्या हाताला लागतो. म्हणून माझी निवड ठरलेली आहे: कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं लायसोझाइम.

हे लहान, घट्ट बांधलेलं प्रथिन आहे. १२९ अमिनो आम्लं, चार डायसल्फाइड बंध, वजन १४.३ किलोडाल्टन. उकाड्यात दोन तास टेबलावर राहिलं तरी त्याची क्रिया टिकते. जिवाणूंची भिंत फोडणाऱ्या या एन्झाइमला अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये नाव दिलं. क्ष-किरणांनी ज्याची त्रिमितीय रचना सर्वात आधी उलगडली ते एन्झाइम हेच, १९६५ मध्ये, डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाकडून, आणि तेही अंड्यातलंच. मुलांना हे सांगितलं की बाजारातून आणलेल्या त्या दोन अंड्यांकडे बघायची नजर बदलते.

पण निवडीचं मोठं कारण विद्युतभाराचं आहे. पांढऱ्या बलकातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त ओव्हाल्ब्युमिन असतं, त्याचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य होतो तो) ४.५ च्या आसपास. कोनाल्ब्युमिनचा साधारण ६ ते ६.५, ओव्होम्युकॉइडचा ४ च्या आसपास. लायसोझाइमचा मात्र जवळपास ११. पीएच ८.२ ला ही बाकी मंडळी ऋणभारित असतात आणि लायसोझाइम धनभारित. म्हणजे ऋणभारित रेझिन टाकलं की जवळपास एकटं लायसोझाइम चिकटणार. (अविडिनही आम्लारिधर्मी आहे, पण ते अगदी थोडं असतं.) आयन एक्स्चेंज, म्हणजे भाराच्या ओढीने प्रथिनं वेगळी करणं, का चालतं हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला सापडलेलं नाही. रेझिन टाकण्याआधी वर्गाला हे आकडे फळ्यावर देऊन विचारा, कोण चिकटेल. उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या.

आता एक गोष्ट, जी टाळून चालत नाही. वर्गात अंड्याला हात न लावणारी मुलं-मुली असतात, आणि एखाद्याला अंड्याची अॅलर्जीही असू शकते. हे आधीच्या आठवड्यात विचारून घ्या, प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांसमोर नको. त्यांच्यासाठी मोड आलेल्या मुगातलं आम्ल फॉस्फटेज हा चांगला पर्याय आहे: मूग थंडगार अॅसिटेट बफरमध्ये, पीएच ५ ला वाटायचे, मलमलीतून गाळायचे, अमोनियम सल्फेटने साका काढायचा आणि पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेटवर क्रिया मोजायची. शेवटी अल्कली टाकली की पिवळा रंग येतो आणि साध्या कलरीमीटरवर वाचता येतो. शुद्धता अंड्याइतकी मिळत नाही, पण हिशेबाचा तक्ता तोच आणि गुणही तेवढेच. तो दुय्यम प्रयोग आहे असं कुणालाही वाटू देऊ नका.

आदल्या आठवड्याची तयारी

चार जणांचा गट धरा. प्रत्येक गटाला १० मिली पांढरं बलक पुरतं, एका अंड्यातून साधारण ३० मिली निघतं. म्हणजे सहा गटांना दोन-तीन अंडी. खर्च अंड्यांचा नाहीच, खर्च आहे सीएम-सेल्युलोजचा (हेच आपलं ऋणभारित रेझिन) आणि मायक्रोकॉकसच्या सुक्या पेशींचा (लायसोझाइमची क्रिया ज्यांच्यावर मोजायची ते जिवाणू). सीएम-सेल्युलोज धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतं. पेशींची बाटली परवडत नसेल तर सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडून मायक्रोकॉकस ल्युटियसचं कल्चर मागा. न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये वाढवून, बफरने दोनदा धुऊन, ताजं निलंबन वापरता येतं.

कॉलम विकत घ्यायची गरज नाही. औषधाच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, तळाशी काचलोकरीचा सैल बोळा बसवा. खाली सलाईनच्या नळीचा तुकडा जोडा. तिच्यावरचं चाक फिरवून थेंबाचा वेग कमी-जास्त करता येतो. दोन सेकंदांना एक थेंब हा वेग ठीक आहे.

बांधणीचा बफर ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच धरून ठेवणारं रसायन), ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ८.२. उतरवणीचा बफर तोच, फक्त मीठ ०.५ मोलर. दोन्ही बाटल्यांना वेगळ्या रंगाची पट्टी लावा. माझी चूक इथेच झाली होती.

ट्रिसबद्दल आणखी एक, आणि हे नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावं. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.०२८. २५ अंशांवर ८.२ ला आणलेला बफर ४० अंशांवर ७.८ च्या आसपास उतरतो, आणि फ्रिजमध्ये ८.८ च्या जवळ चढतो. म्हणून ज्या खोलीत प्रयोग होणार, त्याच खोलीच्या तापमानाला पीएच लावा. फ्रिजमधून बाटली काढून लगेच पीएच मीटरमध्ये धरणारा विद्यार्थी दरवर्षी एक तरी असतो. त्याला थांबवू नका. आधी रीडिंग घेऊ द्या, मग बफर खोलीच्या तापमानाला आल्यावर पुन्हा घेऊ द्या. दोन आकडे जर्नलमध्ये शेजारी लिहिले की व्याख्यानाची गरज उरत नाही.

पहिला दिवस: अंडं ते कॉलम

पांढरं वेगळं करताना पिवळं बलक फुटता कामा नये. थोडं जरी मिसळलं तरी ते अंडं बाजूला ठेवा, कारण पिवळ्यातली चरबी पुढे सगळं गढूळ करते. पांढरं काचकांडीने हळू ढवळा. फेस आणू नका. फेसात प्रथिनं पृष्ठभागावर उलगडतात, आणि केकसाठी जे चांगलं ते इथे वाईट. दुपदरी मलमलीतून गाळा म्हणजे दोऱ्यासारखा भाग वर राहतो.

१० मिली गाळलेलं पांढरं घ्या, ३० मिली बांधणीचा बफर हळूहळू घाला. थोडा गढूळपणा आणि तंतू दिसतील, तो ओव्होम्युसिन. सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवून वरचं स्वच्छ द्रावण घ्या. तळाचा साकाही चिठ्ठी लावून ठेवा. स्वच्छ द्रावणातून १ मिली काढून ‘क्रमांक १’ म्हणून बर्फात ठेवा. हा नमुना विसरला तर पुढचा सगळा तक्ता कोरा, म्हणून मी तो माझ्यासमोर काढून घेते.

आता या टप्प्यावर वर्गाला थांबवा आणि कागदावर एक गणित करायला सांगा. पांढऱ्या बलकात साधारण १० टक्के प्रथिन, म्हणजे १० मिलीत सुमारे १ ग्रॅम. त्यातलं लायसोझाइम सुमारे ३.५ टक्के, म्हणजे ३५ मिलिग्रॅम. तर जास्तीत जास्त किती पट शुद्धीकरण शक्य आहे? १०० भागिले ३.५, साधारण २९ पट. त्याच्या वर आकडा जाऊच शकत नाही. हे आधी ठरलेलं असलं, की पुढे कुणी अभिमानाने ‘६० पट’ लिहून आणलं तर चूक शोधायचं काम त्याचं त्यालाच करता येतं. सगळ्या प्रॅक्टिकलमधली सर्वात मोलाची दहा मिनिटं मी हीच मानते.

दाट द्रावण थेट कॉलमवर ओतू नका, तो तुंबतो आणि तासभर थेंब मोजत बसावं लागतं. बीकरमध्येच बांधणी करा: बांधणीच्या बफरने भिजवलेलं, तळाशी बसल्यावर ५ मिली भरेल एवढं सीएम-सेल्युलोज घ्या, त्यात द्रावण घाला, अर्धा तास अधूनमधून काचकांडीने हलवा. मॅग्नेटिक स्टरर वापरू नका, त्याने तंतू दळले जातात आणि बारीक चुरा कॉलमची वाट अडवतो. रेझिन खाली बसलं की वरचं द्रावण निथळून घ्या. २०-२० मिली बफरने दोनदा धुऊन ते पाणीही त्याच बाटलीत जमा करा. हा ‘क्रमांक २’. बेसिनकडे वळणारा हात इथे सगळ्यात आधी दिसतो.

मग रेझिनचा घोल सिरिंजमध्ये ओता, एका धारेत, मध्ये न थांबता. पृष्ठभाग कधीही कोरडा पडू देऊ नका. बांधणीचाच बफर सोडत राहा, बाहेर येणाऱ्या थेंबांचं २८० नॅनोमीटरला शोषण (म्हणजे त्यातल्या प्रथिनाचं माप) ०.१ च्या खाली येईपर्यंत. हे पाणीही ठेवाच. वेळ संपली तर बूच लावून कॉलम फ्रिजमध्ये ठेवा, लायसोझाइम रेझिनवर रात्रभर सुखाने राहतं. वीज गेली तरी काही बिघडत नाही.

दुसरा दिवस: उतरवणी

०.५ मोलर मिठाचा बफर सोडा आणि २-२ मिलीचे दहा-बारा फ्रॅक्शन हाताने गोळा करा. मुलं कंटाळतील असं वाटतं, पण उलट होतं. प्रत्येक नळीचं शोषण लगेच घेतलं आणि आलेख कागदावर बिंदू टाकत गेलं, की शिखर चढताना सगळा गट त्या कागदाभोवती गोळा होतो. संगणकावर तयार आलेख बघण्यात ते नाही.

कोणते फ्रॅक्शन एकत्र करायचे हे मी कधीही सांगत नाही. कडेच्या नळ्या घेतल्या तर प्रमाण वाढतं, शुद्धता घटू शकते. सोडल्या तर उलट. गटाने ठरवावं आणि कारण दोन ओळींत लिहावं. कारण लिहिलेलं असेल तर दोन्ही निर्णयांना पूर्ण गुण.

अमोनियम सल्फेटचा भाग अभ्यासक्रमात असतोच. या प्रथिनासाठी त्याची गरज नाही, म्हणून मी तो उरलेल्या पांढऱ्या द्रावणावर वेगळा दाखवते. अमोनियम सल्फेट खलात बारीक करून, चिमूट-चिमूट, सतत ढवळत. तक्ता कोणत्या तापमानाचा आहे ते मात्र बघा: शून्यापासून ५० टक्के संपृक्ततेसाठी दर १०० मिलीला ० अंशांच्या तक्त्यात २९.१ ग्रॅम लागतात, २५ अंशांच्या तक्त्यात ३१.३.

तिसरा दिवस: क्रिया आणि प्रथिन मोजणं

मायक्रोकॉकसच्या पेशी फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ६.२ च्या आसपास, अशा मिसळा की ४५० नॅनोमीटरला शोषण ०.६ ते ०.७ येईल. २.५ मिली निलंबनात ०.१ मिली एन्झाइम टाका, उलटसुलट करा, दर १५ सेकंदांनी तीन मिनिटं रीडिंग घ्या. पेशी फुटतात, गढूळपणा उतरतो. मिनिटाला ०.००१ ने शोषण घटलं म्हणजे एक युनिट. साधा कलरीमीटर निळ्या फिल्टरसह चालतो.

सगळे अडखळतात ते विरलतेपाशी. अंड्याचं द्रावण तसंच टाकलं तर पेशी काही सेकंदांत संपतात, उतार मोजताच येत नाही. क्रमांक १ आणि एकत्र केलेला फ्रॅक्शन दोन्ही १०० ते ५०० पट विरल करावे लागतात, क्रमांक २ त्यापेक्षा कमी. मिनिटाला ०.०२ ते ०.०४ घट येईल अशी विरलता गटाने स्वतः शोधायची. विरल द्रावण त्याच वेळी करा, सकाळी करून दुपारी वापरू नका, कारण अतिविरल लायसोझाइम काचेला चिकटतं आणि क्रिया ‘हरवते’. विरलीकरण पेशींच्याच बफरमध्ये करा, म्हणजे फ्रॅक्शनमधल्या मिठाचा परिणामही उरत नाही. आणि खोलीचं तापमान प्रत्येक रीडिंगशेजारी लिहा. एकक २५ अंशांवर ठरवलेलं आहे. तुमच्या ३४ अंशांचा आकडा दुसऱ्या बॅचच्या २४ अंशांच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही, पण त्याच दिवशीच्या नमुन्यांची आपसातली तुलना पक्की राहते.

प्रथिन मोजायला ब्रॅडफर्ड ही रंगाची पद्धत घ्या. लॉरी आणि बाययुरेट या दुसऱ्या दोन्ही पद्धतींत ट्रिस अडथळा आणतो. शुद्ध लायसोझाइमचं १ मिग्रॅ प्रति मिली द्रावण २८० ला २.६४ शोषण देतं, हे पडताळणीसाठी वापरा, पण तक्त्यात एका ओळीला ब्रॅडफर्ड आणि दुसरीला २८० असं मिसळू नका. ‘६० पट’ बहुतेक वेळा तिथूनच येतं.

तक्ता कसा दिसावा याचा नमुना देते. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत:

| टप्पा | आकारमान (मिली) | एकूण प्रथिन (मिग्रॅ) | एकूण युनिट | युनिट प्रति मिग्रॅ | पट | उतारा (मूळ युनिटांपैकी किती %) |
|---|---|---|---|---|---|---|
| १. स्वच्छ द्रावण | ४० | ९६० | १३,४४,००० | १,४०० | १ | १०० |
| २. न चिकटलेलं व धुणं | ८० | ८९६ | १,०८,००० | १२१ | ०.०९ | ८ |
| ३. एकत्र केलेले फ्रॅक्शन | १२ | २६.४ | १०,०८,००० | ३८,१८२ | २७.३ | ७५ |

मुलं तिसरी ओळ वाचून खूश होतात. मी दुसरीवर बोट ठेवते. ७५ आणि ८ मिळून ८३ झाले, उरलेले १७ टक्के कुठे आहेत? मग शोध सुरू होतो: सोडलेल्या कडेच्या नळ्या, रेझिनवर राहिलेलं, कॉलम धुतानाच्या वेगळ्या ठेवलेल्या पाण्यात गेलेलं. एखादा गट ओव्होम्युसिनच्या साक्याचं नाव घेतो. तेव्हा विचारायचं, साका तर क्रमांक १ काढायच्या आधीच वेगळा झाला, मग तो या १७ मध्ये कसा येईल? बाटल्या जपून ठेवलेल्या असतात, म्हणून शोध खराखुरा घेता येतो. गुण देताना मी याच शोधाला सर्वाधिक देते, ७५ टक्के उताऱ्याला नाही. ४० टक्के उतारा आलेल्या पण प्रत्येक युनिटचा ठावठिकाणा लावलेल्या गटाला माझ्याकडे पहिला नंबर मिळालेला आहे.

चौथा दिवस: जेल

१५ टक्के एसडीएस-पेज, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल. क्रमांक १ आणि २ चे १०-१० मायक्रोग्रॅम, फ्रॅक्शनचे २ ते ३. पहिल्या ओळीत ४५ किलोडाल्टनला ओव्हाल्ब्युमिनचा जाड पट्टा, ७७ च्या आसपास कोनाल्ब्युमिन, आणि अगदी खाली फिकट लायसोझाइम. तिसऱ्या ओळीत तो खालचा पट्टा ठळक आणि जवळपास एकटा. त्याच्या वर काही दिसलं तर तो गट कडेच्या नळ्यांच्या निर्णयाकडे परत जातो.

जेल ज्याचं बनतं ते अॅक्रिलामाइड न गोठलेलं असताना मज्जातंतूंना विषारी असतं. द्रावण मीच करते आणि ओतताना हातमोजे सक्तीचे. उन्हाळ्यात जेल ओतता ओतताच गोठू लागतं. फ्लास्क बर्फात ठेवा, टेमेड (जेल गोठवणारं रसायन) अगदी शेवटी आणि नेहमीपेक्षा थोडं कमी घाला.

कच्च्या अंड्याचं काम झाल्यावर साबणाने हात धुणं आणि टेबल ब्लीचने पुसणं हे चारही दिवस. साल्मोनेलाची शक्यता कमी असली तरी असते, आणि प्रॅक्टिकलनंतर मुलं थेट डबा उघडतात.

तक्ता तपासून सही झाली की बाटल्या रिकाम्या करायच्या. रेझिन १ मोलर मिठाने, मग भरपूर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन २० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजला ठेवायचं. बाटलीवर तारीख, कितव्यांदा वापरलं आणि शेवटच्या बॅचला किती उतारा आला, हे तिन्ही लिहायचं.